एक्केचाळीस मेगापिक्सेल कशासाठी?

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी बार्सिलोनामध्ये, मोबाइल वर्ल्ड काँग्रेसच्या प्रदर्शनात, नोकियाने ‘८०८ प्युअरव्ह्यू’ हा टचस्क्रीन फोन जगापुढे ठेवला. कॅमेरा ४१ मेगापिक्सेलचा. त्या वर्षी बहुतेक चांगल्या फोनना ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा असे आणि तेवढ्यावर लोक खूश असत. त्यामुळे हा आकडा ऐकून अनेकांना ती निव्वळ जाहिरात वाटली. त्यातून नेहमीच्या पद्धतीने फोटो काढला की तो निघायचा ५ मेगापिक्सेलचा. मग बाकीचे छत्तीस गेले कुठे?

या प्रश्नाचं उत्तर नीट उलगडून पाहावं असं आहे. आज दुकानात मिळणारे पन्नास, एकशे आठ किंवा दोनशे मेगापिक्सेलचे फोन याच कल्पनेवर चालतात. शिवाय ८०८ मध्ये अव्वल आणि सुमार गोष्टी इतक्या शेजारी शेजारी नांदत होत्या, की कॅमेरा फोन पारखायला शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

सुरुवात सेन्सरपासून करू. लेन्समधून आलेला प्रकाश सिलिकॉनच्या ज्या छोट्या पट्टीवर पडतो, तिच्यावर प्रकाश मोजणाऱ्या बारीक चौकटींची जाळी असते. एक चौकट म्हणजे एक पिक्सेल. ८०८ च्या सेन्सरवर एका रांगेत ७,७२८ चौकटी आणि अशा ५,३६८ रांगा होत्या. गुणाकार साधारण ४ कोटी १५ लाख, म्हणजे ४१ मेगापिक्सेल. प्रत्येक चौकटीची बाजू १.४ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात सातशेहून जास्त चौकटी.

आता याच्याशेजारी आयफोन ४एस ठेवा. तो आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आला होता आणि त्याच्या कॅमेऱ्याचं सगळीकडे कौतुक होत होतं. त्याचे पिक्सेलही १.४ मायक्रॉनचेच आणि लेन्सचं अ‍ॅपर्चरही ८०८ सारखंच, एफ २.४ (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप). म्हणजे एकेका चौकटीवर दोन्ही फोनमध्ये जवळपास सारखाच प्रकाश पडत होता. फरक होता तो क्षेत्रफळात. आयफोनचा सेन्सर सुमारे साडेचार मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर रुंद, तर ८०८ चा फोटोसाठी वापरात येणारा भाग दहा बाय साडेसात मिलिमीटर. पंधरा-सोळा चौरस मिलिमीटरच्या जागी पंचाहत्तर. एकच दृश्य, एकाच वेळी, पण ते टिपायला गोळा होणारा प्रकाश जवळपास पाचपट. ४१ हा आकडा बाजूला ठेवला तरी चालेल, ही पाचपट लक्षात ठेवायची. फोटोचा दर्जा ठरतो तो इथे.

जाता जाता एक छोटा खुलासा. पिक्सेल ४१ दशलक्ष असले तरी या फोनमधून निघणारा सर्वांत मोठा फोटो ३८ मेगापिक्सेलचा असे. लेन्सने पाडलेली प्रतिमा गोल असते आणि सेन्सर आयताकृती. या फोनचा सेन्सर त्या गोलापेक्षा कोपऱ्यांवर जरा बाहेर येत होता. चारास तीन या आकाराचा फोटो हवा असेल तर रांगेतले ७,१५२ पिक्सेल घ्यायचे आणि उंची पूर्ण वापरायची. सोळास नऊ असा रुंद हवा असेल तर रुंदी पूर्ण घ्यायची आणि उंची ४,३५४ वर थांबवायची. पहिल्यात ३८ दशलक्ष पिक्सेल येतात, दुसऱ्यात ३४. दोन्ही आयतांचे कर्ण जवळजवळ सारखे भरतात, त्यामुळे लेन्सचा पूर्ण गोल कामी येतो. आकार बदलला की नुसती वरची-खालची पट्टी छाटणाऱ्या इतर फोनपेक्षा ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती.

तर पिक्सेल नेमकं काय करतो? तो प्रकाशकण मोजतो. प्रकाश आपल्याला अखंड वाटतो, पण तो कणाकणांनी येतो आणि हे कण ठरावीक अंतराने येत नाहीत. संध्याकाळच्या खोलीत, समान उजळलेल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढताना एका चौकटीत सरासरी शंभर कण पडत असतील, तर प्रत्यक्षात कुठे नव्वद पडतील, कुठे एकशे दहा. भिंत सारखी असूनही शेजारचे पिक्सेल कमीजास्त उजळ दिसतात. अंधारातल्या फोटोंवर जी रवाळ खर दिसते, तिचा मोठा भाग हा असा असतो. त्याला नॉइज म्हणतात. ही खर सेन्सर बनवणाऱ्याच्या हलगर्जीपणातून येत नाही, ती प्रकाशाच्या स्वभावातच आहे. सेन्सर कितीही उत्तम केला तरी ती शून्यावर आणता येत नाही.

ती कमी करायचा एकच खरा मार्ग आहे : जास्त कण मोजणं. सात शेजारी चौकटींची बेरीज केली तर सरासरी सातशे कण भरतात आणि त्यातला चढउतार सव्वीस-सत्तावीसच्या आसपास राहतो. शंभरात दहा म्हणजे दहा टक्के चूक होती, ती सातशेत सव्वीस म्हणजे चार टक्क्यांच्या आत आली. गावची पैसेवारी ठरवताना एकाच वावरातला तुकडा कापून कोणी थांबत नाही, वेगवेगळ्या ठिकाणचं पीक कापून सरासरी काढतात, ते याच कारणासाठी. ८०८ प्रत्येक फोटोत हेच करत होता. ३८ दशलक्ष मोजणीतून ५ दशलक्ष भरवशाचे ठिपके. एका ठिपक्यामागे सात-आठ मोजण्या. छत्तीस मेगापिक्सेल कुठे गेले याचं उत्तर हे आहे : कडेचे तीनेक सोडले तर ते उरलेल्या पाचांमध्ये मुरले.

रंगांनाही याचा फायदा होतो. सेन्सरची चौकट मुळात रंगांधळी असते. प्रकाश किती आला एवढंच तिला कळतं, कुठल्या रंगाचा आला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीवर रंगीत काचेसारखा एक सूक्ष्म थर बसवतात : निम्म्या चौकटींवर हिरवा, पावभागावर लाल, पावभागावर निळा. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली ही जाळी आजही बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांत आहे. साध्या फोनमध्ये लाल थराखालच्या पिक्सेलला आपला हिरवा आणि निळा माहीतच नसतो. तो शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरला जातो. म्हणून बारीक रेघांच्या कापडावर नसलेले रंग उमटतात. ८०८ मध्ये अंतिम फोटोच्या एका ठिपक्याखाली सात-आठ चौकटी येत असल्याने तिन्ही रंग तिथे प्रत्यक्ष मोजलेले मिळत. पैठणीच्या काठासारखं बारीक विणकाम, झाडाची पानं, दूरची कौलं अशा गोष्टींत हा फरक डोळ्यांना लगेच जाणवायचा.

पण मग पाचच का? दहा का नाहीत? या आकड्यामागचं कारण मला या फोनमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. लेन्स कितीही निर्दोष घडवली तरी प्रकाश लहान छिद्रातून जाताना किंचित पसरतो. आकाशातल्या ताऱ्यासारखा बिंदूसुद्धा सेन्सरवर बिंदू म्हणून उमटत नाही, त्याची एक इवलीशी चकती होते. अ‍ॅपर्चर एफ २.४ असेल तर हिरव्या प्रकाशासाठी ही चकती सुमारे ३.२ मायक्रॉनची भरते. पिक्सेल १.४ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू दोनाहून अधिक पिक्सेलांवर सांडणारच. पूर्ण ३८ मेगापिक्सेलचा फोटो मोठा करून पाहिला तर तो पिक्सेलच्या पातळीवर थोडा मऊ दिसतो तो यामुळे. आता ५ मेगापिक्सेलच्या फोटोतला एक ठिपका सेन्सरवर किती जागा व्यापतो? सुमारे ३.९ मायक्रॉन. म्हणजे लेन्सच्या चकतीहून जरासा मोठा. लेन्स जितका तपशील देऊ शकते तितका जवळपास सगळा पकडायचा आणि जो तपशील नाहीच त्याच्यासाठी फाइल फुगवायची नाही, असा हा हिशेब. ५ मेगापिक्सेलच्या फोटोची तीनशे डीपीआयने छपाई केली तर तो साडेआठ बाय साडेसहा इंचांचा निघतो. घरातल्या अल्बमला, मासिकाच्या पानाला तो पुरतो. आणि फाइल दोन एमबीच्या आसपास राहते, जे २०१२ च्या आपल्याकडच्या मोबाइल इंटरनेटवर फार मोलाचं होतं.

झूमचा विचार या सगळ्याला जोडूनच येतो. फोनचा नेहमीचा डिजिटल झूम म्हणजे मधला भाग कापून तो ताणणं. ताणलं की फोटो विटतो. ८०८ मध्ये ताणणं हा प्रकारच नव्हता. झूम केला की सेन्सरचा मधला भाग घेतला जाई आणि एका ठिपक्यामागे सातच्या जागी पाच, मग तीन, मग दोन मोजण्या येत. शेवटी एका ठिपक्यामागे एक पिक्सेल उरला की झूम तिथेच थांबे. ५ मेगापिक्सेलच्या फोटोला ही मर्यादा पावणेतीन पटीच्या जवळ होती. यात खर्च होता, तो लपवायचं कारण नाही : झूम वाढेल तशी मोजणीची सरासरी कमी होई, म्हणून मंद प्रकाशात पूर्ण झूम केलेला फोटो झूम न केलेल्यापेक्षा रवाळ येई. उजेडात मात्र तो फरक फारसा कळत नसे.

पडद्याचा वापर इथे सुरेख केला होता. बोट पडद्यावर वर सरकवलं की झूम लगेच होत नसे. कुठवर जवळ जाणार ते दाखवणारी चौकट उमटे आणि बोट उचललं की दृश्य तिथे जाऊन थांबे. फोकस कुठे हवा तेही पडद्यावर बोट ठेवून सांगता यायचं. मात्र फोटो टिपण्यासाठी कडेला वेगळं बटण होतं, अर्धं दाबलं की फोकस धरणारं आणि पूर्ण दाबलं की फोटो घेणारं. पडद्यावर टिचकी मारताना फोन हलतो, बटण दाबताना तो दोन्ही हातांत घट्ट धरलेला राहतो. आजच्या बहुतेक फोनमधून हे बटण गेलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

व्हिडिओमध्ये ही योजना आणखी फळाला आली. फुल एचडी चित्राची रुंदी १,९२० ठिपके, सेन्सरची ७,७२८. भागाकार चार. म्हणून व्हिडिओत चारपट झूम, तोही दर्जा न गमावता. लेन्स जागची हलत नसल्याने मोटारीचा आवाज ध्वनिमुद्रणात येत नसे. पण यासाठी सेकंदाला तीस वेळा ३४ दशलक्ष पिक्सेल वाचून त्यांची सरासरी काढायची, म्हणजे दर सेकंदाला शंभर कोटी पिक्सेलांचं काम. फोनच्या मुख्य प्रोसेसरला ते झेपणारं नव्हतंच. म्हणून चित्रासाठी वेगळा प्रोसेसर बसवला होता आणि मुख्य प्रोसेसरकडे आधीच गाळून आटोपशीर केलेलं चित्र पोहोचत असे. ध्वनिमुद्रणाचे मायक्रोफोनही खास होते. १४० डेसिबलपर्यंतचा आवाज न फाटता नोंदवता येतो असा नोकियाचा दावा होता. ज्यांनी मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाचं चित्रण केलं आहे त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. साध्या फोनमध्ये ताशाची तर्री ऐकू येण्याऐवजी नुसती खरखर नोंदली जाते.

आता लेन्स आणि तिची किंमत. सेन्सर मोठा केला की लेन्सलाही त्याच्यापासून लांब उभं राहावं लागतं, नाहीतर प्रतिमा त्या सेन्सरभर पसरत नाही. कार्ल झाइसच्या या लेन्सचं नाभीय अंतर ८ मिलिमीटर होतं, आयफोन ४एसच्या लेन्सचं सव्वाचार. म्हणून फोन जाड. एरवी १४ मिलिमीटर आणि कॅमेऱ्यापाशी तर जवळपास १८. पाठीवर एक ठसठशीत उंचवटा. वजन १६९ ग्रॅम. शर्टाच्या खिशात तो जड वाटायचा आणि टेबलावर ठेवला की कॅमेऱ्याच्या बाजूने उचललेला राहायचा. ही सोय-गैरसोय भौतिकशास्त्राने ठरवलेली आहे. पातळ फोन आणि मोठा सेन्सर ही जोडी एकत्र येत नाही आणि आजच्या महागड्या फोनच्या पाठीवरचे उंचवटे तीच गोष्ट सांगतात.

लेन्सच्या आत आणखी दोन वस्तू होत्या ज्या फोनमध्ये क्वचित सापडतात. एक खराखुरा यांत्रिक शटर आणि दुसरा भर उन्हात प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर, म्हणजे धुरकट काच. शटरचं काम जास्त महत्त्वाचं. बहुतेक फोनचे सेन्सर चित्र एकदम वाचत नाहीत, वरच्या रांगेपासून खालच्या रांगेपर्यंत क्रमाने वाचतात. मग क्षणभरच चमकणारा फ्लॅश वापरायचा तर सगळ्या रांगा उघड्या असतानाच तो चमकायला हवा. यांत्रिक शटरमुळे ते साधतं आणि म्हणून ८०८ ला झेनॉन फ्लॅश देता आला. झेनॉनचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, पण तेवढ्यात तो फोनच्या एलईडी दिव्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश टाकतो. अंधाऱ्या हॉलमध्ये नाचणारं मूल एलईडीच्या उजेडात धूसर येतं, झेनॉनमध्ये जागच्या जागी थबकतं. तोटा असा की प्रत्येक चमकेसाठी आतला कपॅसिटर पुन्हा भरावा लागतो आणि व्हिडिओसाठी हा फ्लॅश निरुपयोगी. त्यासाठी वेगळा एलईडी दिलेला होता.

मोठ्या सेन्सरच्या काही अडचणी वापरणाऱ्याला शिकून घ्याव्या लागत. फोन वस्तूच्या पंधरा सेंटिमीटरहून जवळ नेला तर फोकस होत नसे. फुलाचा किंवा नाण्याचा फोटो काढायला लोक सवयीने जवळ जात आणि चित्र अस्पष्ट येई. योग्य रीत उलटी होती : थोडं मागे सरायचं आणि झूम करायचा. त्याने नाणं मोठंही दिसे आणि फोनची सावलीही त्यावर पडत नसे. दुसरी अडचण हाताच्या थरथरीची. लेन्सला हलता आधार देऊन ही थरथर पुसून टाकणारी यंत्रणा, जिला ओआयएस म्हणतात, या फोनमध्ये नव्हती. मोठ्या सेन्सरमुळे रात्रीच्या फोटोत खर कमी, पण शटर जरा जास्त वेळ उघडा राहिला की चित्र हललेलं. नोकियाने ही उणीव त्याच वर्षी ल्युमिया ९२० मध्ये आणि मग २०१३ च्या ल्युमिया १०२० मध्ये भरून काढली. १०२० मध्ये पिक्सेल तेवढेच ठेवून सेन्सर मात्र लहान केला होता.

इथवर कॅमेरा झाला. फोन म्हणून पाहायला गेलं की चित्र पालटतं.

पडदा चार इंचांचा, एमोलेड. काळा रंग खराखुरा काळा आणि नोकियाच्या ‘क्लिअरब्लॅक’ थरामुळे प्रतिबिंबं कमी, म्हणून दुपारच्या उन्हातही चित्र दिसे. हे गुण खरे. पण ठिपके किती? ६४० बाय ३६०, म्हणजे २ लाख ३० हजार. त्याच वर्षीच्या सॅमसंग गॅलॅक्सी एस ३ च्या पडद्यावर याच्या चौपट ठिपके होते. ३८ दशलक्ष पिक्सेलचा फोटो या पडद्यावर पाहायचा म्हणजे फोटोतल्या एकशे साठेक पिक्सेलांना मिळून पडद्यावरचा एक ठिपका. फोटो नेमका फोकसमध्ये आला का, हे त्याच फोनवर खात्रीने सांगता येत नसे. संगणकावर घेतल्यावर कळायचं, आणि तोवर प्रसंग निघून गेलेला असायचा. एवढ्या कॅमेऱ्याला एवढा पडदा, ही या फोनमधली माझ्या मते सर्वांत मोठी विसंगती.

स्पर्श ओळखण्याची पद्धत मात्र आजच्यासारखीच होती. आधीचे नोकियाचे काही टचफोन, जसा २००८ चा ५८००, दाबावर चालत. वरचा लवचीक थर खालच्या थराला टेकला की जागा कळे, म्हणून नख किंवा काडी जास्त उपयोगी. ८०८ चा पडदा कपॅसिटिव्ह. काचेखाली पारदर्शक वाहक धातुसंयुगाच्या आडव्या-उभ्या रेषा असतात आणि त्यांच्यात बारीक विद्युतभार साठवलेला असतो. बोट जवळ आलं की शरीर वाहक असल्याने तो भार तिथे किंचित बदलतो आणि कुठल्या दोन रेषांच्या छेदावर बदलला त्यावरून बोटाची जागा कळते. दाब लागत नाही. दोन बोटं एकाच वेळी ओळखता येतात. कोकणातल्या पावसात हाच पडदा वेडावतो, कारण पाण्याचा थेंबही त्या भारात ढवळाढवळ करतो. अशा वेळी कडेचं खरं बटण पुन्हा कामाला येतं.

अडचण काचेत नव्हतीच, तिच्यामागच्या सिम्बियन प्रणालीत होती. सिम्बियनची घडण बटणांच्या फोनसाठी झाली होती आणि स्पर्श तिच्यावर नंतर बसवला गेला. ‘बेल’ नावाच्या आवृत्तीपर्यंत ती बरीच सुधारली होती, तरी एका गोष्टीसाठी दोन-तीन मेनू उघडावे लागणं, पान सरकताना अडखळणं, ब्राउझरचं रेंगाळणं सुरूच राहिलं. मुख्य प्रोसेसर १.३ गिगाहर्ट्‌झचा, एकाच गाभ्याचा आणि जुन्या रचनेचा. रॅम ५१२ एमबी. स्पर्धक तेव्हा दोन आणि चार गाभ्यांवर गेले होते.

त्याहून गंभीर गोष्ट वर्षभर आधीच घडून गेली होती. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कंपनी आता विंडोज फोनच्या वाटेने जाणार असं जाहीर केलं होतं. म्हणजे ज्या प्रणालीवर ८०८ बेतलेला होता ती तो बाजारात येण्यापूर्वीच सोडून दिलेली. मग तिच्यासाठी अ‍ॅप कोण लिहिणार? फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला विकत घेण्याचा व्यवहार जाहीर केला तो एप्रिल २०१२ मध्ये, आणि त्या वेळच्या फोनमधला सर्वांत ताकदीचा कॅमेरा बाळगणाऱ्या ८०८ साठी इन्स्टाग्रामचं अधिकृत अ‍ॅप कधी आलंच नाही. लोक फोटो काढण्याइतकेच ते तिथल्या तिथे दाखवण्यासाठी फोन घेऊ लागले होते, आणि हा फोन त्या घाईत मागे पडला. भारतात तो २०१२ च्या जूनमध्ये सुमारे ३४ हजार रुपयांना आला. त्या काळात ही रक्कम मोठी होती. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला सर्व बाजूंनी परिपूर्ण फोन हवा असतो, आणि ते मागणं रास्तच आहे. जानेवारी २०१३ मध्ये नोकियाने स्पष्ट केलं की ८०८ हा सिम्बियनवरचा शेवटचा फोन. पुढे व्हॉट्सअ‍ॅपनेही २०१७ मध्ये सिम्बियनचा आधार काढून घेतला.

बॅटरीबद्दल थोडक्यात : १,४०० एमएएच. दिवसभर फोटो काढायला निघालात तर अपुरी. पण झाकण उघडून ती बदलता यायची आणि एक जादा बॅटरी खिशात ठेवली की प्रश्न मिटे. आजच्या बहुतेक फोनबाबत असं म्हणता येत नाही.

या फोनची कल्पना मात्र त्याच्या प्रणालीसोबत संपली नाही. २०२३ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस २३ अल्ट्राचा मुख्य कॅमेरा घ्या. २०० मेगापिक्सेल, एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. गुणाकार केला तर सेन्सर ९.८ बाय ७.३ मिलिमीटरचा भरतो. ८०८ चा होता दहा बाय साडेसात. अकरा वर्षांनी, पाचपट आकडा छापून, सेन्सरचं क्षेत्रफळ तेवढंच! फरक इतरत्र आहे. लेन्स एफ १.७ ची, म्हणजे ८०८ च्या दुप्पट प्रकाश आत घेणारी. सोळा पिक्सेलांचा एक करून फोटो निघतो साडेबारा मेगापिक्सेलचा आणि त्यातला एक ठिपका २.४ मायक्रॉनचा. एफ १.७ च्या लेन्समधून पडणारी प्रकाशाची चकती जवळपास २.३ मायक्रॉनची. पुन्हा तोच हिशेब, तीच जोडी. शिवाय आजचे फोन बटण एकदा दाबल्यावर एकामागून एक अनेक चित्रं घेतात आणि ती एकमेकांवर जुळवून एक फोटो करतात, म्हणजे सरासरी जागेतही आणि काळातही. त्यामुळे खिडकीबाहेरचं ऊन आणि खोलीतली सावली दोन्ही एका चित्रात सांभाळली जातात. ८०८ नेहमीच्या फोटोसाठी एकच चित्र घेत असे, म्हणून अशा प्रसंगी खिडकी तरी पांढरी फटक व्हायची किंवा माणसाचा चेहरा तरी काळवंडायचा. त्याच्या फोटोंमध्ये एक नैसर्गिकपणा मात्र होता. कडा उगाच धारदार केलेल्या नसत, त्वचा मेणासारखी गुळगुळीत केलेली नसे. मला ते फोटो आजही अधिक खरे वाटतात.

नवा फोन घ्यायला जाल तेव्हा हे सगळं प्रत्यक्ष तपासता येतं. माहितीपत्रकात मेगापिक्सेलसोबत बऱ्याचदा सेन्सरचा आकार छापलेला असतो, १/१.३ किंवा १/२.७६ असा. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. त्याच्याशेजारी अ‍ॅपर्चर असतं, तिथेही लहान आकडा चांगला. ओआयएस आहे की नाही ते पाहा, आणि तो मुख्य कॅमेऱ्याला आहे याची खात्री करा. मग दुकानातल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात एखाद्या खोक्यावरचा बारीक मजकूर आणि त्याच्याशेजारी उभा असलेला माणूस असा फोटो काढा. एकदा झूम न करता, एकदा दुप्पट झूमवर, एकदा माणसाला हात हलवायला सांगून. कंपनीने दिलेला मोठा मोड, पन्नास किंवा दोनशेचा, त्यानेही एक काढा आणि नेहमीच्याशी ताडून पाहा. अक्षरांच्या कडा, केसांच्या बटा आणि हलत्या हाताची बोटं या तीन जागा नीट न्याहाळा. हे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून घरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि खरेदीचा निर्णय दुसऱ्या दिवशी करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते अ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि पारखायचा तपशील वाटेतच निघून जातो.